अकरावे नाव

स्मरणिकेच्या पहिल्याच बैठकीत समितीने माझ्यावर एक काम सोपवले. आपल्या बॅचच्या उत्तम खेळाडूंची यादी करायची. मी इतिहास शिकवतो, जुन्या नोंदी चाळायची सवय आहे, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. कार्यालयाबाहेरच्या मानाच्या फळ्यावरची नावे उतरवली की झाले, असे मलाही वाटले होते. पण उतरवता उतरवता हात थांबला. उत्तम कोण, हे ठरवले कोणी? या प्रश्नाचा एक चांगला नोंदलेला इतिहास अमेरिकेत आहे. आधी तो सांगतो, मग आपल्या फळ्याकडे येतो.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून अडवायचे. मैदानात प्रत्येक बाजूचे अकरा जण. हा खेळ तिथे वाढला तो कॉलेजांमध्ये. दर हंगामाच्या शेवटी देशभरातल्या कॉलेजांमधून एकेका जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडून ‘ऑल-अमेरिका’ संघ जाहीर करतात. हा संघ एकत्र खेळण्यासाठी नसतोच, तो कागदावरचा मान असतो. पण एकदा नाव लागले की आयुष्यभर माणसाच्या नावामागे ते बिरुद राहते.

असा पहिला संघ १८८९ साली कॅस्पर व्हिटनी या पत्रकाराने आपल्या साप्ताहिकात छापला. त्याच्या जोडीला होते वॉल्टर कॅम्प. येल विद्यापीठाचे हे माजी खेळाडू घड्याळांच्या कंपनीत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात या खेळाचे नियम घडवत. त्या पहिल्या अकरा जणांत पाच प्रिन्स्टनचे, तीन येलचे आणि तीन हार्वर्डचे. नाव ‘ऑल-अमेरिका’ आणि खेळाडू पूर्व किनाऱ्यावरच्या तीन विद्यापीठांचे! यात लबाडी होती असे मला वाटत नाही. चित्रफिती नव्हत्या, रेडिओ नव्हता, पश्चिमेकडे जायचे तर रेल्वेत दिवसच्या दिवस घालवावे लागत. निवडणाऱ्यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यातलेच उत्तम निवडले. जे पाहिले नाही, ते त्यांच्या लेखी नव्हतेच.

पुढे कॅम्प ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातून दरवर्षी संघ जाहीर करू लागले. १८९८ मध्ये शिकागोच्या क्लॅरेन्स हर्शबर्गरचे नाव आले आणि पूर्वेची भिंत जरा हलली. त्याआधी, १८९२ आणि १८९३ मध्ये, हार्वर्डचा विल्यम हेन्री लुईस निवडला गेला होता. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा या संघात आलेला पहिला कृष्णवर्णीय. १९११ आणि १९१२ मध्ये कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेतला जिम थॉर्प आला. म्हणजे नजर रुंदावत होती.

आता पॉल रोबसनची गोष्ट. न्यू जर्सीतल्या रटगर्स कॉलेजातला हा मुलगा. वडील तरुणपणी गुलामीतून पळून आलेले. संघात जागा मागायला गेला तेव्हा सरावातच त्याच्या होऊ घातलेल्या सहकाऱ्यांनी त्याचे नाक फोडले. १९१६ मध्ये दक्षिणेतल्या एका कॉलेजाने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध उतरायला नकार दिला, तर त्यालाच बाहेर बसवले गेले. तरीही १९१८ च्या संघात कॅम्प यांनी त्याला घेतले. पुढे तो जगप्रसिद्ध गायक आणि नट झाला. भूपेन हजारिकांचे ‘गंगा बहती हो क्यों’ आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यामागची प्रेरणा रोबसनने गायलेले मिसिसिपी नदीचे गाणे.

रोबसन वर्णभेदाविरुद्ध उघड बोलत असे, सोव्हिएत रशियाबद्दल आपुलकी दाखवत असे. १९५० मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट रद्द केला. आणि त्याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. ऑल-अमेरिका संघांच्या एका छापील संग्रहात १९१८ च्या संघात अकराऐवजी दहाच नावे उरली. तीस वर्षांपूर्वी खेळून झालेले सामने कोणी पुसू शकत नव्हते, पण यादी पुसता आली.

त्या दिवसांत १९५८ मध्ये आपल्याकडे त्याच्या साठाव्या वाढदिवसासाठी समिती स्थापन झाली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, आणि पंडित नेहरूंचा पाठिंबा होता. त्याच वर्षी रोबसनला पासपोर्ट परत मिळाला. कॉलेज फुटबॉलच्या सन्मान-दालनात मात्र त्याचे नाव लागले ते १९९५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

आज तिथे एका माणसाच्या शब्दावर भागत नाही. पाच वेगवेगळ्या संस्था आपापले संघ जाहीर करतात. त्यात वृत्तसंस्था आहे, प्रशिक्षकांची संघटना आहे, क्रीडालेखकांची आहे. पाचांनीही ज्याला पहिल्या संघात घेतले तो ‘एकमताने’ निवडलेला. एकाच्या नजरेतून सुटलेला दुसऱ्याला दिसावा, एवढीच त्यामागची साधी युक्ती.

आता आपला फळा. त्यावर फक्त जिल्हा पातळीवर खेळलेल्यांची नावे आहेत. आठवून बघा, खो-खोत आपल्या वर्गातला सर्वांत चपळ गडी कोण होता? पाठलागात त्याच्या हाती लागला नाही असा कोणी आठवतो का? पण स्पर्धा दिवाळीनंतर असायच्या आणि तेव्हा तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला असायचा. आठवीनंतर तो परत आलाच नाही. फळा रंगवणाऱ्याने काही चूक केली नाही, त्याच्यापुढे आलेल्या कागदावर ते नाव नव्हते.

म्हणून समितीच्या परवानगीने मी यादी एकट्याने केली नाही. सरांना, बाईंना आणि तुमच्यापैकी बावीस जणांना फोन करून विचारले. खो-खोच्या संघात पहिले नाव कोणाचे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. पुढच्या पानावर ते नाव आहे. त्याचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा. स्मरणिकेची एक प्रत त्याच्यासाठी राखून ठेवली आहे.