एक ओळ की अनेक? डेटाबेसमधल्या फंक्शनची गोष्ट

आजचा विषय वरवर रुक्ष वाटेल. डेटाबेसमधल्या फंक्शनकडून अनेक ओळी यायला हव्यात, आणि त्या येत नाहीत किंवा भलत्याच रूपात येतात. असं का होतं? या बिघाडामागे इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की दुरुस्ती सोपी जाते.

आधी आमचीच फजिती सांगतो. एका संस्थेसाठी आम्ही थकबाकीची पत्रं छापत होतो. सभासदाचा क्रमांक दिला की फंक्शन थकलेला हप्ता सांगायचं. ज्यांचे तीन हप्ते थकले होते, त्यांनाही पत्र गेलं ते एकाच हप्त्याचं! पडद्यावर एररचं नाव नाही. लोकांनी पत्रातली रक्कम भरली, पावती घेतली आणि निश्चिंत झाले. पुढच्या महिन्यात त्यांच्याच हातात दंडाची नोटीस पडली. चूक आमची, भुर्दंड त्यांना.

आता मागे जाऊ. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात माहितीचा विचार एकेका नोंदीचा नाही, तर संचाचा होता. प्रश्न संचाला विचारायचा, उत्तरही संचच. त्यातूनच पुढे एसक्यूएल आली. पण प्रोग्रामिंगच्या भाषा वेगळ्या मुशीतल्या. तिथे एका व्हेरिएबलमध्ये एक मूल्य, आणि फंक्शनने परत करायचं तेही एकच. संच आणि एकेकटं मूल्य यांच्यातला हा सांधा पहिल्यापासूनच ढिला राहिला. कर्सर आला तो हा सांधा जुळवायलाच: संच धरून ठेवायचा आणि एकेक ओळ हातात घ्यायची.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही वाटचाल स्पष्ट दिसते. १९८६ साली बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. मोठा टप्पा आला २००२ च्या ७.३ आवृत्तीत. अनेक ओळी, अनेक कॉलम देणारं फंक्शन आता फ्रॉमनंतर एखाद्या टेबलासारखं लिहिता येऊ लागलं. २००८ मध्ये रिटर्न क्वेरी आली, २००९ मध्ये रिटर्न्स टेबल.

आमचा घोटाळा मात्र सिलेक्ट इन्टू या साध्या वाक्यात होता. अनेक ओळी आल्या तर ते पहिली ठेवतं, बाकीच्या मुकाट्याने टाकून देतं. आणि ऑर्डर बाय नसेल तर 'पहिली' कोणती, याचीही हमी नाही. २००६ च्या ८.२ आवृत्तीत स्ट्रिक्ट हा शब्द आला. इन्टूनंतर तो लिहिला, की एकापेक्षा जास्त ओळी आल्याबरोबर फंक्शन थांबतं आणि ओरडतं. आमच्याकडे तो शब्द नव्हता, एवढंच.

आणखी एक गंमत पाहा. दोन ओळींचं आणि तीन ओळींचं अशी दोन फंक्शनं सिलेक्टच्या यादीत शेजारी ठेवली, तर पूर्वी सहा ओळी यायच्या, लसावि काढल्यासारख्या! २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून तीन येतात आणि रिकाम्या जागी नल बसतो. म्हणजे कोड तोच, उत्तर मात्र वेगळं.

मग बिघाड शोधायचा कसा? आतली क्वेरी एकटी चालवा, ओळी मोजा. मग फंक्शनची घोषणा वाचा: सेटऑफ किंवा टेबल लिहिलंय का? नसेल तर एकापेक्षा जास्त ओळी मिळणारच नाहीत. लिहिलंय, तरी सगळे कॉलम एकाच कंसात कोंबून येतात? फंक्शन सिलेक्टच्या यादीतून काढून फ्रॉममध्ये न्या. ओळी येतच नाहीत? लूपमध्ये रिटर्न नेक्स्ट राहिलं असेल. आणि उत्तर एकच ओळ असायला हवं, अशी खात्री असेल तर ती मनात ठेवू नका, स्ट्रिक्ट लिहून टाका.

एरर दिसली की आपण वैतागतो. पण ओरडणारा बिघाड परवडला. गप्प बसणाऱ्या बिघाडाची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो, आणि आपल्याला ते नोटीस निघाल्यावर कळतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.