सायमन न्कोली आणि उशिरा पोहोचलेल्या गोळ्या

परवा ओपीडीत तपासणी संपल्यावर एका रुग्णाने सहज विचारलं, "डॉक्टर, एचआयव्हीची गोळी आता सरकारी केंद्रात फुकट मिळते, रोज एक घेतली की भागतं. मग पूर्वी इतकी माणसं का गेली? औषध नव्हतं का?"

औषध होतं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत चांगलीच लागू पडत होती. पोहोचलं मात्र नव्हतं. का, हे समजून घ्यायचं तर दक्षिण आफ्रिकेत जावं लागतं. तिथल्या एका माणसाची गोष्ट आज सांगतो. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही.

सायमन न्कोली. जन्म १९५७, सोवेटो. वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीतला कार्यकर्ता, आणि समलिंगी. १९८४ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे डेल्मासच्या गाजलेल्या देशद्रोह खटल्यात एकूण २२ आरोपींपैकी ते एक होते. तुरुंगात असतानाच त्यांनी सहकाऱ्यांना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. काही जण बिथरले. याच्यामुळे आपली बाजू कमकुवत होईल, याचा खटला वेगळा चालवावा, इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी ते सगळ्यांबरोबरच राहिले आणि १९८८ मध्ये निर्दोष सुटले. त्यांच्या सहआरोपींपैकी काही जण पुढे देशाच्या मोठ्या पदांवर गेले. लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, असं १९९६ च्या दक्षिण आफ्रिकी राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामागे तुरुंगातल्या त्या वादांचाही वाटा आहे.

आता आजाराकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेत एड्सचे पहिले रुग्ण १९८२ मध्ये आढळले. ते समलिंगी पुरुष होते, विमानात काम करणारे. झालं, शिक्का बसला: हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार. त्यांच्यात आढळणारा विषाणू 'बी' उपप्रकाराचा होता, अमेरिका-युरोपात होता तोच. काही वर्षांनी स्त्री-पुरुष संबंधांतून 'सी' उपप्रकार झपाट्याने पसरू लागला (भारतातही मुख्यतः हाच 'सी' आहे). मग शिक्का बदलला. आता एड्स म्हणजे नवरा-बायको आणि आईकडून बाळाला होणारा आजार. भित्तिपत्रकांवरही पुरुष आणि स्त्रीच दिसू लागले.

यातून एक गट दोन्ही वेळा सुटला. काळ्या वस्त्यांत राहणारे समलिंगी पुरुष पहिल्या चित्रातही नव्हते आणि दुसऱ्यातही नव्हते. पुरुषापुरुषांतल्या संबंधांत धोका नसतो, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती, कारण तसं चित्र कुणी दाखवलंच नव्हतं. प्रत्यक्षात उलट आहे. गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक असतं, त्याला सहज इजा होते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. म्हणून कंडोमबरोबर पाण्यात विरघळणारं वंगण लागतं. तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. ही माहिती द्यायला दोन मिनिटं लागतात. पण त्यासाठी आधी समोरच्याने "मी पुरुषांबरोबर संबंध ठेवतो" असं म्हणावं लागतं, आणि ऐकणाऱ्या नर्सने चेहरा सरळ ठेवावा लागतो. ज्या देशात १९९८ पर्यंत हे संबंध गुन्हा होते, तिथे असं कोण बोलणार?

न्कोली बोलले. १९८८ मध्ये त्यांनी काळ्या आणि गोऱ्या समलिंगी लोकांची एक संयुक्त संघटना काढली. १९९० मध्ये वस्त्यांमध्ये एड्सविषयी काम करणारा गट सुरू करण्यात हातभार लावला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला जोहान्सबर्गमध्ये आफ्रिकेतला पहिला प्राइड मोर्चा निघाला. काही जण डोक्यावर कागदी पिशव्या चढवून चालत होते. मोर्चात यायचं होतं, पण ओळख दाखवायची सोय नव्हती. मला हे चित्र फार बोलकं वाटतं. दवाखान्यात खोटं नाव सांगणारे रुग्ण मी पाहिलेत, त्यांच्याही डोक्यावर तशीच एक पिशवी असते.

पुढे न्कोलींनी आपल्याला एचआयव्ही असल्याचंही जाहीर केलं. तसं करणारे काळे समलिंगी पुरुष तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी, जागतिक एड्स दिनाच्या आदल्या दिवशी, ते गेले. श्रीमंत देशांत त्याच वर्षी लोक तीन औषधांच्या जोरावर अंथरुणातून उठून कामावर परतत होते. त्या उपचाराचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता.

दहा दिवसांनी, १० डिसेंबरला, केप टाउनमधल्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर मूठभर लोक सह्या गोळा करायला बसले. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेनची ही सुरुवात. पुढाकार घेणाऱ्यांत झॅकी अ‍ॅचमट होते, न्कोलींचे स्नेही. तेही समलिंगी, तेही एचआयव्हीबाधित. त्यांनी जाहीर केलं की सरकारी दवाखान्यात सामान्यांना औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही. डॉक्टर म्हणून मला हा निर्णय आजही अस्वस्थ करतो. कुठल्याही रुग्णाला मी असं करू देणार नाही. पण त्याचा परिणाम झाला, हेही खरं. २००२ मध्ये नेल्सन मंडेला त्यांच्या घरी गेले आणि औषध घ्या म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.

या लोकांनी २००० मध्ये थायलंडहून फ्लुकोनॅझोलच्या हजारो कॅप्सूल उघडपणे आणल्या. प्रतिकारशक्ती ढासळली की तोंडात आणि अन्ननलिकेत बुरशी वाढते, घास गिळता येत नाही. हे औषध त्यावरचं. थायलंडची कॅप्सूल मूळ कंपनीच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळत होती.

आणि इथे आपली मुंबई येते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार एका वैद्यकीय सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी दरात, देऊ केला. स्वस्त औषधं आणण्याच्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिका सरकारवर खटला भरला होता. एप्रिलमध्ये त्यांनी तो मागे घेतला.

एवढं होऊनही गोळ्या मिळेनात. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं, आणि आरोग्यमंत्री लसूण, लिंबू, बीट खायला सांगत होत्या. (आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे आठवले ना?) हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला: २००० ते २००५ या काळात या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले. जुलै २००२ मध्ये घटनापीठाने गरोदर स्त्रियांना नेविरापीन देण्याचा आदेश दिला, २००३ मध्ये अ‍ॅचमट यांनी औषध सुरू केलं, आणि २००४ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार पोहोचू लागले. घेणारे बहुतेक स्त्री-पुरुष समलिंगी नव्हते. ज्यांना वस्तीत टोमणे मारले जात होते, त्यांच्यातल्या काही जणांनी लढून मिळवलेली औषधं सगळ्या वस्तीला मिळाली.

त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र स्वतंत्र दवाखाने यायला आणखी काही वर्षं गेली. सोवेटोत पुरुषांसाठीच्या एका आरोग्य केंद्राला न्कोलींचं नाव मिळालं. केप टाउनमधल्या दुसऱ्याला डॉ. आयव्हन टॉम्स यांचं. वर्णभेदी सैन्यात जायला नकार देऊन हा समलिंगी डॉक्टर तुरुंगात गेला होता. संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप, हिची पहिली मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात केप टाउनचे पुरुषही होते. एकंदर संसर्ग ४४ टक्क्यांनी घटला, आणि गोळी नियमित घेणाऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त. २०१५ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने प्रेपला मंजुरी दिली.

शेजारच्या देशांचं चित्र सरसकट एक नाही. मोझांबिकने २०१५ मध्ये जुना कायदा काढून टाकला. बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला, आणि त्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या कलम ३७७ वरील २०१८ च्या निकालाचा आधार घेतला. दोन्हीकडचं कलम इंग्रजांनीच मागे ठेवलेलं. झिम्बाब्वे आणि झांबियात ते अजून आहे.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला आणि दक्षिण आफ्रिकेतली अशी कित्येक खास केंद्रं बंद पडली. तिथल्या रुग्णांना जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगण्यात आलं. गोळ्या तिथेही त्याच मिळतात, आणि फुकट. फक्त खिडकीवर, मागे रांग उभी असताना, कशासाठी आलात ते सांगावं लागतं.