'नाऊ बराब्बस' : फाशीच्या छायेतील तुरुंग

फाशीची शिक्षा असावी की नसावी, यावर ब्रिटनमध्ये वाद रंगला असतानाच, १९४९ मध्ये 'नाऊ बराब्बस' हा कृष्णधवल चित्रपट प्रदर्शित झाला. गॉर्डन पॅरी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा आधार होता विल्यम डग्लस-होम यांचे १९४७ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेले नाटक.

डग्लस-होम यांनी तुरुंगवास स्वतः भोगला होता. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधील ल हाव्र बंदरावर हल्ला करण्यापूर्वी तेथील नागरिकांना बाहेर पडू देण्यास ब्रिटिश सेनेने नकार दिला. त्यामुळे लष्करी अधिकारी असलेल्या डग्लस-होम यांनी या हल्ल्यात भाग घेतला नाही. हल्ल्यात सुमारे दोन हजार नागरिक मृत्युमुखी पडले. डग्लस-होम यांना मात्र कोर्ट मार्शलने एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. वर्मवुड स्क्रब्ज आणि वेकफिल्ड येथील तुरुंगांत त्यांनी आठ महिने काढले. त्यांचे थोरले बंधू ॲलेक १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

चित्रपटाला एकच एक नायक नाही. अफरातफर करणारा बँक कर्मचारी, आयरिश बंडखोर, सराईत चोर अशा अनेकांच्या छोट्या कथा त्यात गुंफलेल्या आहेत. या साऱ्यांवर सावट आहे ते फाशीची वाट पाहणाऱ्या टफनेलचे. ही भूमिका रिचर्ड ग्रीन यांनी, तर तुरुंगाधीक्षकाची सेड्रिक हार्डविक यांनी साकारली. आयरिश कैद्याच्या भूमिकेतील तरुण रिचर्ड बर्टन यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक होता. बायबलमधील बराब्बस हा येशूऐवजी मुक्त झालेला कैदी. शिक्षा कोणाला आणि सुटका कोणाची, हा प्रश्न शीर्षकातूनच उभा राहतो.

तेव्हाच्या ब्रिटिश प्रथेनुसार शिक्षा सुनावल्यापासून फाशीपर्यंत किमान तीन रविवार जाऊ दिले जात. या काळात पहारेकरी रात्रंदिवस कैद्यासोबत कोठडीत बसत. दयेचा निर्णय गृहमंत्र्यांच्या हाती असे. ही प्रतीक्षा केवळ त्या कैद्यालाच नव्हे, तर अधिकारी, पहारेकरी आणि अन्य बंदी यांनाही पोखरते, याकडे चित्रपट लक्ष वेधतो.

फाशी पाच वर्षे स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव १९४८ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने संमत केला; परंतु हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. ब्रिटनमधील अखेरच्या फाशी ऑगस्ट १९६४ मध्ये झाल्या. खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित झाली आणि १९६९ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये ती कायमची रद्द करण्यात आली.