निकेल माइन्स हत्याकांड आणि आमिश समाजाची क्षमा

निकेल माइन्स हत्याकांड हे २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीत, आमिश समाजाच्या एका एकखोली शाळेत घडलेले गोळीबाराचे प्रकरण होय. यात दहा मुलींवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांपैकी पाच जणी मृत्यू पावल्या. हल्लेखोराने अखेरीस आत्महत्या केली. त्याच दिवशी आमिश शेजाऱ्यांनी मारेकऱ्याच्या घरी जाऊन क्षमा व्यक्त केली आणि त्यामुळे हे प्रकरण जगभर चर्चिले गेले. हिंसक मृत्यूला ख्रिस्ती श्रद्धेतून कोणता प्रतिसाद दिला जाऊ शकतो, या प्रश्नाच्या चर्चेत आजही त्याचा दाखला दिला जातो.

आमिश समाज

आमिश हा अ‍ॅनाबॅप्टिस्ट परंपरेतील एक पंथ आहे. १६९३ च्या सुमारास याकोब आमान याच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली आणि त्याच्या नावावरून पंथाला हे नाव मिळाले (मराठीतील ‘आमिष’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही). अ‍ॅनाबॅप्टिस्ट चळवळ १५२५ मध्ये झुरिक येथे सुरू झाली. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वेच्छेने घ्यावा आणि ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र धरू नये, ही तिची मुख्य मते होती. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात तलवारीचा त्याग स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. या मतांसाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंच्या सत्तांनी हजारोंना ठार मारले.

अठराव्या शतकात आमिश कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. तेथे ती शेती करतात, घोडागाडी वापरतात आणि मुलांना आठवीपर्यंत आपल्याच शाळांत शिकवतात. जीव घेण्याचा अधिकार फक्त ईश्वराचा, हे तत्त्व युद्धालाही लागू आहे असे ते मानतात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात आमिश तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवा शिबिरांत काम केले.

घटना

हल्लेखोर चार्ल्स रॉबर्ट्स हा ३२ वर्षांचा, परिसरातील शेतांवरून दूध गोळा करणारा ट्रकचालक होता. तो स्वतः आमिश नव्हता. मात्र अनेक आमिश कुटुंबे त्याला ओळखत होती. सकाळी शाळेत शिरून त्याने मुलगे आणि प्रौढ स्त्रिया यांना बाहेर काढले व मुलींना डांबून ठेवले. शिक्षिकेने निसटून शेजारच्या शेतावरून पोलिसांना कळवले. पोलीस पोहोचल्यावर थोड्याच वेळात त्याने गोळीबार केला. मृत मुली ७ ते १३ वर्षांच्या होत्या. सर्वांत मोठ्या मुलीने, इतरांना वेळ मिळावा म्हणून, आधी आपल्याला मारावे असे म्हटल्याचे वाचलेल्या मुलींकडून समजले. मागे ठेवलेल्या मजकुरात रॉबर्ट्सने नऊ वर्षांपूर्वी जन्मतःच दगावलेल्या आपल्या मुलीचा आणि देवावरील रागाचा उल्लेख केला होता.

क्षमा

त्या संध्याकाळी काही आमिश पुरुष रॉबर्ट्सच्या पत्नीला भेटले. तिच्याविषयी मनात आकस नाही आणि तिने हा परिसर सोडून जाऊ नये, असे त्यांनी सांगितले. इतर काही जण मारेकऱ्याच्या आईवडिलांकडे गेले. ७ ऑक्टोबरला रॉबर्ट्सच्या दफनविधीला जमलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक आमिश होते. त्यांत एक-दोन दिवसांपूर्वीच आपल्या मुलींना पुरून आलेले पालकही होते. जगभरातून जमा झालेल्या मदतनिधीतील काही रक्कम रॉबर्ट्सच्या कुटुंबाला देण्यात आली.

ही कृती कोणा धर्मगुरूच्या आदेशाने झाली नव्हती. आमिशांच्या दृष्टीने ती नित्याच्या उपासनेतूनच आलेली होती. ‘प्रभूची प्रार्थना’ ते दररोज म्हणतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात या प्रार्थनेनंतर लगेच एक अट येते: जो इतरांना क्षमा करत नाही, त्याला ईश्वराची क्षमा मिळत नाही. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ ईश्वराची क्षमा ही विनाअट देणगी मानतात, तर आमिश ही अट अक्षरशः घेतात. दुसरा आधार पूर्वजांच्या आठवणींचा आहे. ‘मार्टर्स मिरर’ या १६६० च्या डच हुतात्माग्रंथात डर्क विलेम्सची हकिगत येते. १५६९ मध्ये कैदेतून पळताना, पाठलाग करणारा माणूस गोठलेल्या पाण्याचा थर फुटून बुडू लागला, तेव्हा डर्कने मागे वळून त्याला वाचवले. तो पुन्हा पकडला गेला आणि त्याला जिवंत जाळण्यात आले. आमिश घरांत ही कथा मुलांनाही ठाऊक असते.

टीका

‘बोस्टन ग्लोब’चे स्तंभलेखक जेफ जेकोबी यांनी क्षमेचे मोठेपण मान्य करूनही, मुलांच्या हत्येवर कोणालाच संताप येत नाही असा समाज आपल्याला नको, अशी भूमिका मांडली. मृतांच्या वतीने इतरांनी क्षमा करावी काय, हा प्रश्नही उपस्थित झाला. मारेकऱ्याला क्षमा करणारा हा समाज बाप्तिस्मा घेऊन नंतर पंथ सोडणाऱ्यांवर मात्र बहिष्कार टाकतो, याकडेही टीकाकार बोट दाखवतात. सर्वांत गंभीर आक्षेप समाजातील लैंगिक अत्याचारांबाबतचा आहे. तेथे क्षमेचा आग्रह धरून पीडितेला गप्प बसवले जाते आणि गुन्हेगार पोलिसांपर्यंत पोहोचत नाही, अशा तक्रारी पुढे आल्या आहेत. निकेल माइन्समध्ये मारेकरी मरण पावलेला असल्याने ही कसोटी लागलीच नाही.

डोनाल्ड क्रेबिल, स्टीव्हन नोल्ट आणि डेव्हिड वीव्हर-झर्चर यांनी ‘आमिश ग्रेस’ (२००७) या पुस्तकात क्षमा, शिक्षामाफी आणि समेट यांत फरक केला आहे. क्षमा म्हणजे सूड आणि द्वेष सोडणे. त्याने शिक्षा टळत नाही. भारतातही हा भेद दिसला. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांच्या दोन मुलांना जाळून मारण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, परंतु खटला चालला आणि मुख्य आरोपीला जन्मठेप झाली.

शिवाय क्षमेचा शब्द त्वरित दिला गेला, तरी भावना तितक्या लवकर निवळल्या नाहीत. राग पुन्हा येतो आणि क्षमा पुन्हा करावी लागते, असे काही पालकांनी पुढे सांगितले. अनेक कुटुंबांनी मानसोपचारतज्ज्ञांची मदतही घेतली.

नंतरचा काळ

१२ ऑक्टोबर २००६ रोजी पहाटेपूर्वी शाळेची इमारत पाडण्यात आली आणि जागा कुरणात मिसळली. जवळच बांधलेली ‘न्यू होप’ शाळा २ एप्रिल २००७ रोजी सुरू झाली. वाचलेल्या पाच जणींपैकी एकीच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. २०२४ मध्ये तिचे निधन झाले. मारेकऱ्याची आई टेरी रॉबर्ट्स, २०१७ मधील आपल्या मृत्यूपूर्वी, अनेक वर्षे दर आठवड्याला तिच्या घरी जाऊन तिची शुश्रूषा करीत असे.