रानातले दातवण

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह सह्याद्रीतल्या एका गडावर आम्ही मुक्कामाला होतो. सकाळी पिण्याच्या पाण्याच्या टाक्याच्या काठावर बसून काही जण दात घासत होते आणि पेस्टचा फेस ओघळून टाक्यात उतरत होता. हटकल्यावर एकाने विचारले, 'मग पूर्वीचे लोक रानात काय करत होते?' प्रश्न उडवाउडवीचा होता. पण त्याने आम्हांला जुन्या ग्रंथांकडे वळवले.

पूर्वीचे लोक काडी चावत होते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. सुश्रुतसंहितेत ही काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठी नसलेली हवी असे सांगितले आहे. कडू रसात कडुनिंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज श्रेष्ठ, अशी निवडही तेथे आहे. चरकाच्या यादीत करंजाबरोबर करवीर आणि अर्क, म्हणजे कण्हेर आणि रुई, हीदेखील येतात. ही दोन्ही झाडे विषारी आहेत. यादी वाचून आज कुणी कण्हेरीची काडी तोंडात घातली, तर जिवावर बेतेल. ग्रंथातली यादी आणि रानाची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याजवळ उरली आहे ती बहुतांशी यादीच.

सतत वाटेवर असणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठाचे नियम आले आहेत. लांब काडीने कुणी श्रामणेरांना मारले, म्हणून आठ अंगुळांची कमाल मर्यादा ठरली. फार आखूड काडी एकाच्या घशात अडकली, तेव्हा चार अंगुळांची किमान मर्यादाही आली. नियमांमागचे हे प्रसंग इतके साधे आहेत की, वाचताना त्या संघातली माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात.

या परंपरेचे सर्वांत तपशीलवार वर्णन आम्हांला इत्सिंग या चिनी भिक्षूकडे आढळते. तो 671 मध्ये समुद्रमार्गे निघाला, नालंदेत अनेक वर्षे राहिला आणि श्रीविजयातून 692 मध्ये त्याने आपला ग्रंथ मायदेशी पाठवला. काडीचे एक टोक सावकाश चावून मऊ करावे, मग दात घासावेत, शेवटी तीच काडी चिरून जीभ खरवडावी, असे तो लिहितो. डोंगराजवळ राहणाऱ्याने तिथल्या झाडावेलींच्या काड्या घ्याव्यात, सपाटीवरच्याने तिथल्या, असा त्याचा सल्ला आहे. परदेशातले झाड शोधत बसण्याची गरज त्याला वाटत नाही.

पण आम्हांला थांबवले ते त्याच्या आणखी दोन सूचनांनी. काडी टाकताना किंवा चूळ थुंकताना आधी बोटांनी आवाज करावा अथवा खाकरावे, ही पहिली. ओली काडी दुसऱ्याने हाती दिली तरच घ्यावी, वाळलेली मात्र स्वतः घेण्यास हरकत नाही, ही दुसरी. भिक्षूने जिवंत झाडाला इजा करू नये, या विनयाच्या मर्यादेशी ती सुसंगत आहे. म्हणजे दात घासताना आपल्या अवतीभवती आणखी कुणी आहे, याचे भान ठेवायचे होते. ते कुणी माणूस असो वा झाड.

नायलॉनचे केस असलेला ब्रश 1938 मध्ये बाजारात आला. त्याने दात उत्तम स्वच्छ होतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. शेकडो गिर्यारोहकांनी रोज फांद्या मोडाव्यात, असेही आम्ही सुचवणार नाही. तसे झाले तर गडावरची झाडे उघडी पडतील. पण काडी टाकली की मातीत जात असे, ब्रश मात्र जात नाही. ब्रश हाती आला तेव्हा काडीबरोबरची शिस्तही आपण सोडून दिली, हा खरा तोटा.

ती परत आणणे अवघड नाही. टाक्यातून भांडेभर पाणी घेऊन दोनशे फूट दूर जावे, पेस्ट नखाएवढी घ्यावी किंवा घेऊच नये, चूळ एका जागी न टाकता विखरून टाकावी आणि ब्रश परत घरी न्यावा. दुसऱ्या दिवशी आमचे विद्यार्थी तसेच करताना दिसले. त्यांतला एक जण थुंकण्यापूर्वी मोठ्याने खाकरला. तो आमची थट्टा करत होता, हे उघड होते. तरीही आम्हांला बरे वाटले.