हा माझा बायको : एका विनोदाचा आणि भाड्याच्या घराचा इतिहास

मराठी माणसाला पाठ असलेल्या विनोदी वाक्यांमध्ये एक वाक्य असं आहे, ज्यात वाचायला गेलं तर विनोद काहीच नाही. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ कुणी तरी कुणाचा तरी पत्ता विचारतोय, एवढंच. पण आमच्या उमरखेडच्या बस स्टँडवर हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, चार माणसं हसून मागे वळतील. त्यात एखादा दाढीवाला चाचाही असेल.

‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. सचिन पिळगावकर यांचं दिग्दर्शन आणि वसंत सबनीस यांची लेखणी. त्यानंतर जन्मलेली माझी विद्यार्थी मुलंसुद्धा यातले प्रसंग तोंडपाठ सांगतात. इतकी वर्षं टिकलेल्या या हसण्याच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न मला पडतो. माझं उत्तर साधं आहे. हा सिनेमा घर न मिळण्याबद्दल आहे, आणि त्याचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य पत्ता विचारणारं असावं हे मला योग्यच वाटतं.

गोष्टीची वंशावळ पाहा. शैलेश दे यांच्या बंगाली कथानकावर १९५५ मध्ये ‘जय माँ काली बोर्डिंग’ हा सिनेमा आला. त्यात भानू बंद्योपाध्याय होते, म्हणजे ढाक्याकडून कलकत्त्याला आलेला आणि तिकडच्या बोलीवर लोकांना हसवणारा नट. फाळणी होऊन आठ वर्षं झाली होती. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी कलकत्ता भरून गेलं होतं. डोक्यावर छप्पर शोधणारी माणसं हा तिथला रोजचा देखावा होता.

हीच गोष्ट हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये ‘बीवी और मकान’ या नावाने हिंदीत आणली. त्यात मेहमूद आणि केश्टो मुखर्जी होते. हा मेहमूद म्हणजे बॉम्बे टॉकीजमधले नट-नर्तक मुमताज अली यांचा मुलगा. शीर्षकातच सगळं आलं : बायको असेल तर घर, नसेल तर रस्ता. पुढे बावीस वर्षांनी ही गोष्ट मराठीत आली आणि अशी काही रुजली की ती मूळची इथली नाही हे आपण विसरून गेलो.

ती इथे रुजली याचं एक कारण कायद्यात सापडतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला सहज काढता येणार नाही अशी सोय केली. गरजूंसाठी केलेली ही तरतूद होती. पण भाडं वाढत नाही आणि माणूस निघत नाही म्हटल्यावर मालक नव्या माणसाला घरात घ्यायलाच बिचकू लागले. घेतला तर पारखून घ्यायचा. हा कायदा जाऊन नवा आला तो १९९९ चा. म्हणजे १९८८ मध्ये थिएटरात बसलेल्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला घरमालकासमोर उभं राहणं म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती.

आता माझ्या आवडीची पात्रं. पहिलं, सुधीर जोशींनी केलेले घरमालक विश्वास सरपोतदार. मधुमेहाच्या औषधासाठी त्यांनी धनंजय मानेला सत्तर रुपये दिलेले असतात. औषध इस्तंबूलच्या मित्राकडून यायचं असतं. माने सांगतो, तो मित्र वारला. मग सत्तर रुपयांचं काय? तेही वारले! अशोक सराफ हे इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगतात की सरपोतदारांना रागवावं की सांत्वन करावं कळत नाही. भाडेकरूकडे पैसा नाही, हक्क नाही, फक्त जीभ आहे. त्या जिभेवर तो आणखी दोन दिवस काढतो. आपण हसतो ते या दोन दिवसांसाठी.

दुसरं पात्र लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशुराम, म्हणजेच पार्वती. पुरुषाने बाईचं सोंग घेणं महाराष्ट्राला नवं नाही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, तेव्हा अण्णा साळुंके हा पुरुष उभा राहिला. ‘लंका दहन’मध्ये तर तोच राम आणि तोच सीता. बालगंधर्वांच्या शालू नेसण्याची नक्कल खऱ्या बायका करत. दुसरीकडे तमाशातली मावशी, जी पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तीच गंमत असते. सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिलं होतं, त्यामुळे ही दुसरी परंपरा त्यांच्या हातातली होती. बनवाबनवीत दोन्ही परंपरा शेजारी शेजारी उभ्या आहेत. सचिन यांची सुधा नाजूक, पटण्यासारखी. बेर्डेंची पार्वती मावशीच्या कुळातली, पदर सावरता सावरता पुरुषासारखी चालणारी. तिचं डोहाळजेवण होतं तेव्हा पोट धरून हसायला प्रेक्षकाला वेगळं कारण लागत नाही.

आणि तिसरा माझा लाडका विनोद व्याकरणाचा आहे. माने ओळख करून देतो, ‘हा माझा बायको पार्वती.’ मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, म्हणून या चार शब्दांवर माझा विशेष जीव आहे. ‘बायको’ हा शब्द खोटं बोलतो आणि ‘हा’, ‘माझा’ हे दोन शब्द खरं सांगून टाकतात. जीभ सोंग घेते, व्याकरण घेत नाही. गंमत म्हणजे हा विनोद हिंदीत जमला नसता. मुंबईपासून हैदराबादपर्यंतच्या बोलीत ‘मेरा बीवी’ सर्रास चालतं, कुणी वळूनही बघत नाही.

आमची मुलं घरी दख्खनी बोलतात. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. उर्दूत आवाज ‘होती’, मराठीत आवाज ‘होतो’. तिकडे दुकान ‘खुली’, इकडे दुकान ‘उघडलं’. घर, पाणी, शहर उर्दूत पुल्लिंगी, मराठीत आले की नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘माझी आवाज’ म्हणणारं मूल वर्गात दर वर्षी असतंच. मी त्याला रागवत नाही, पार्वतीची गोष्ट सांगतो. वर्ग हसतो, ते मूलही हसतं आणि नियम लक्षात राहतो. पण हेच मूल उद्या शहरात जाऊन ‘माझी आवाज’ म्हणेल, तेव्हा त्याची ओळख त्याच्या नावाआधी व्याकरणच सांगून टाकेल, हेही मला माहीत असतं.

बी.एड.च्या वर्षी मी दोन मित्रांबरोबर खोली शोधत फिरलो. एका घरी बाईंनी चहा दिला, खोली दाखवली, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की यजमानांनी सकाळीच कुणाला तरी शब्द दिलाय. त्या कडवट बोलल्या नाहीत, फक्त कपबशी लवकर उचलली. साडी नेसून बॅचलर असणं लपवता येतं. नाव लपवायला साडी मिळत नाही.

सिनेमा आला त्यानंतर चार-पाच वर्षांतच मुंबईची दंगल झाली आणि कितीतरी कुटुंबं आपला जुना शेजार सोडून मुंब्र्याला गेली. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. मालकाच्या दारातली पारख अशी हळूहळू वस्तीच्या दाराशी आली. यात बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही एकटी राहणारी नोकरदार बाई, दुसऱ्या बिरादरीचं किंवा दुसऱ्या जातीचं कुटुंब खोली मागायला आलं की कितीजणांना सकाळी दिलेला शब्द आठवतो, हे आपण स्वतःला विचारावं.

म्हणून मला या सिनेमातलं चौथं पात्र, नयनतारा यांनी रंगवलेल्या लीलाबाई काळभोर, सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. विनोद त्यांच्या वाट्याला कमी आहेत. त्या फक्त विश्वास ठेवतात. सगळी बनवाबनवी त्यांच्याच घरात, त्यांच्याच जिवावर चालते. तरीही शेवटी त्या या पोरांना माफ करतात, कारण कागदावर जोडपी नसली तरी म्हातारीच्या घरात माणसं आली होती. थिएटरातला प्रत्येक प्रेक्षक, त्यात किती तरी घरमालक असतील, तोवर भाडेकरूच्या बाजूने झालेला असतो. खोटं बोलणाऱ्याच्या बाजूने! घरासाठी बोललेलं खोटं आपल्याला पटतं, कारण खरं बोलणाऱ्याला घर मिळत नाही हे आपण सगळे जाणतो.

अडीच तास आपण सगळे लीलाबाई असतो. दिवे लागल्यावर घरी गेलो की पुन्हा सरपोतदार होतो. पुढच्या वेळी कुणी दारात उभं राहून अमका तमका इथे राहू शकतो का असं विचारेल, तेव्हा त्याचं नाव ऐकण्याआधी त्याला खोली दाखवली होती, हे आठवलं तरी पुष्कळ झालं.