बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट
पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजविणारा मुंबईतील चार तंतुवाद्यांचा वादकसंच. व्हायोलिनवादक मेहली मेहता (२५ सप्टेंबर १९०८–१९ ऑक्टोबर २००२) यांनी तो १९४० मध्ये स्थापन केला. दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो अशी या प्रकारातील वाद्ययोजना असते. वृंदसंचालक नसल्यामुळे लय, स्वरमेळ आणि नादाचा समतोल चौघांनी परस्परांना ऐकूनच सांभाळावयाचा असतो. एक वादक बदलला, तरी संचाचा नाद बदलतो. साहजिकच दीर्घकालीन एकत्र सरावाला येथे पर्याय नाही, आणि असा सराव करावयाचा, तर वादकांच्या चरितार्थाची सोय आधी व्हावी लागते. व्हिएन्नात काउंट रझुमॉफ्स्की या रशियन सरदाराने १८०८ मध्ये शुपानझिग या व्हायोलिनवादकाच्या नेतृत्वाखाली पगारी संच ठेवला. बेथोव्हनच्या रचनांना त्याचा मोठा आधार मिळाला. तथापि पुढे आश्रयदात्याचा राजवाडाच आगीत भस्मसात झाला आणि १८१६ मध्ये तो संच मोडला.

मुंबईत असा आश्रयदाता नव्हता. हौस मात्र होती. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईस आलेले ज्यू संगीतकार व्हाल्टर काउफमान यांनी बाँबे चेंबर म्यूझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात तिच्या साप्ताहिक मैफली होत. त्यांत काउफमान पियानोवर, मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ व्हेर्गा चेलोवर असत. आकाशवाणीच्या परिचित आरंभधुनेचे कर्तृत्व काउफमान यांच्याकडेच दिले जाते. १९३५ मध्ये मेहतांनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यात पारशी हौशी वादक, गोमंतकीय व्यावसायिक, युरोपीय निर्वासित आणि नौदलाच्या बँडमधील वादक अशी सरमिसळ होती. पाच वर्षांनंतरचा चौघांचा संच हे त्यापुढील अधिक अवघड पाऊल होय. या संगीताचा सराव मेहतांच्या राहत्या घरी चाले. त्यांचे पुत्र, पुढे जगप्रसिद्ध वृंदसंचालक झालेले झुबिन मेहता (जन्म १९३६), यांचे बालपण त्याच नादात गेले.

या कलेवर मुंबईत उपजीविका होणे मात्र कठीण होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेले वादक शहरात पुष्कळ होते; पण त्यांची मिळकत हॉटेलांतील बँडवर आणि पुढे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणावर अवलंबून असे. हिंदी चित्रपटगीतांतील व्हायोलिनांच्या समूहवादनाचा भरदारपणा हे बऱ्याच अंशी याच वादकांचे देणे. चार वादकांच्या गंभीर संगीताला तेवढा मोबदला देईल, असा श्रोतृवर्ग नव्हता. काउफमान १९४६ मध्ये भारत सोडून गेले आणि स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोतेही बव्हंशी पांगले. दुसऱ्या महायुद्धानंतर मेहतांनी न्यूयॉर्कमध्ये इव्हान गालामियन यांच्याकडे अध्ययन केले व ते परतले. पण १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू होण्यासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली.

पूर्णवेळ व्यावसायिक संचात बसण्याची संधी त्यांना पन्नाशी उलटल्यावर मिळाली. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटचे दुसरे व्हायोलिनवादक झाले. तेथील कर्टिस संगीतसंस्थेत १९२७ मध्ये उदयास आलेल्या या संचाचे मूळ नाव ‘स्वस्तिक क्वार्टेट’ होते. संस्थेशी निगडित बॉक कुटुंबाच्या निवासस्थानावरून पडलेले हे नाव पुढे बदलण्यात आले. या संचाला स्थैर्य होते, ते संस्थेच्या पाठबळामुळे. तो १९८१ पर्यंत टिकला. दुसऱ्या व्हायोलिनचे काम दिसण्यात दुय्यम. परंतु मधले स्वर भरून पहिल्या व्हायोलिनला आधार देण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. मुंबईत संस्थापक असलेल्या मेहतांनी ती पाच वर्षे पत्करली. १९६४ मध्ये ते लॉस अँजेल्सला गेले. तेथे अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुणांचा वृंद स्थापून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ त्याचे संचालन केले.

मुंबईत १९९५ मध्ये त्यांच्या नावाने मेहली मेहता म्यूझिक फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देण्याचे काम तिने हाती घेतले. नरीमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वृंद सुरू झाला. प्रारंभी त्यात परदेशी वादकांचाच भरणा अधिक होता.